पहिल्या दिवसाचे पाणी

भूजलाच्या संगणकीय मॉडेलात आकड्यांचा एक तक्ता असा असतो, की ज्याकडे कामाची मागणी करणारा अधिकारी, अहवाल तपासणारा अभियंता आणि पुष्कळदा तो तक्ता स्वतः भरणारा तरुण भूवैज्ञानिकही केवळ उपचार म्हणून पाहतो. खडकाच्या पारगम्यतेविषयी वाद होतात, पावसाचा किती हिस्सा जमिनीत मुरतो यावर बैठकांमागून बैठका होतात, पंपांच्या उपशाचे हिशेब खलिते पाठवून मागविले जातात. परंतु गणिताला ज्या दिवसापासून आरंभ व्हायचा त्या दिवशी मॉडेलाने आखलेल्या जमिनीच्या प्रत्येक चौकोनाखाली पाणी किती उंचीवर उभे होते, हा प्रश्न मात्र अर्जाच्या कोपऱ्यातील दिनांकाप्रमाणे सहज भरून टाकला जातो. राजुरा तालुक्यात वर्धेच्या उजव्या तीरावर खाणींचा भूजलावरील परिणाम अजमावण्याचे काम करीत असताना माझी अशी खात्री झाली, की सबंध मॉडेलात याहून निर्णायक तक्ता दुसरा नाही, आणि तो भरणारा मनुष्य, त्याला जाणीव असो वा नसो, त्या भूमीच्या इतिहासाविषयी साक्ष देत असतो.

राजुऱ्याच्या बाबतीत हा इतिहास सरळ नाही. हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्यानंतर तो अल्पकाळ नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. समोरच्या तीरावरील बल्लारपूर मात्र मध्य प्रांताच्या अंमलाखाली होते. एकाच नदीच्या दोन काठांना दोन जमाबंद्या, दोन दफ्तरे, आणि त्यांतून निजामी अंमलातील कारभाराची भाषा उर्दू, अशी स्थिती असल्यामुळे जुन्या विहिरींचा माग काढणे म्हणजे खासरा पत्रकांचे व पाहणीपत्रकांचे शेरे धुंडाळीत बसणे होय. आणि इतके करून एखादी नोंद हाती लागली तरी ती विहीर आहे आणि तिच्यावर इतकी जमीन भिजते, एवढ्यावरच संपते. महसुलाला बागायतीचा धारा ठरवायचा होता. पाणी किती खोल आहे याची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

पाणी मोजण्याची पद्धतशीर प्रथा आली ती १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाल्यानंतर. निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत घ्यावी हा तिचा परिपाठ, आणि त्या नोंदवह्यांवाचून विदर्भातील भूजलाविषयी आज एक वाक्यही विश्वासाने लिहिता आले नसते. परंतु कोळसा त्याच्या कितीतरी आधीचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरचा आपला ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून बल्लारपूरला भुयारी खाण चालू होती. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाली, आणि पुढल्या दशकांत सास्ती, गोवरी, पोवनी या गावांच्या शिवारांत खुल्या खाणींची विवरे विस्तारत गेली. खाण म्हटली की पाणी उपसणे आलेच. ते न उपसले तर कोळशापर्यंत पोहोचताच येत नाही. तात्पर्य, मोजणीदाराची फीत पहिल्यांदा या भागातील विहिरीत उतरली तेव्हा या खोऱ्यातील जमीन ठिकठिकाणी छेदलेली होती, आणि जिला सर्वस्वी अस्पर्श म्हणावे अशी पातळी कोणत्याही नोंदवहीत असणे संभवतच नव्हते.

प्रारंभीची पातळी इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी जमिनीच्या स्मरणशक्तीचा थोडा हिशेब मांडावा लागतो. भूपृष्ठावरील पाणी, विशेषतः ओढ्यानाल्यांचे, आपला काल लवकर विसरते. आषाढातल्या एका मोठ्या पावसानंतर नाल्याला वैशाखातील कोरडेपणाचा मागमूसही राहत नाही. खडकातील पाण्याचे तसे नाही. एखाद्या ठिकाणी पातळीत झालेला फेरफार किती काळाने दूरवर पोहोचून शमेल, याचा स्थूल अंदाज अंतराच्या वर्गाला खडकाच्या साठवणगुणांकाने गुणून व वहनक्षमतेने भागून मिळतो. जलधर मोकळा असेल, तो आपल्या घनफळाच्या दोन टक्के पाणी सोडत असेल आणि त्याची वहनक्षमता दिवसाला ५० चौरस मीटर असेल, तर एक किलोमीटर अंतरासाठी हा काळ ४०० दिवसांचा होतो, आणि पाच किलोमीटरसाठी १०,००० दिवसांचा, म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक. उलटपक्षी वर अभेद्य थर असलेल्या आणि दाबाखालील पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात साठवणगुणांक शतपटींनी लहान असल्यामुळे तोच फेरफार काही दिवसांत वा महिन्यांत पोहोचतो. अर्थात मॉडेलातील वरचा थर आपल्याला दिलेली पहिल्या दिवसाची पातळी दशकानुदशके उराशी धरून बसतो, तर खालचा थर ती एका हंगामात टाकून देतो. आणि राजुऱ्याच्या परिसरात हे दोन्ही प्रकारचे खडक एकमेकांच्या अंगाखांद्यावर पसरलेले आहेत. पश्चिमेकडे पैनगंगा गटाचा चुनखडक आणि त्याहून उंचावर काळा पाषाण; मधल्या पट्ट्यात गोंडवनी खडकांची रास, तीत कोळसा बाळगणारा बाराकर आणि पाण्यासाठी प्रसिद्ध असलेला कामठी वालुकाश्म; नदीलगत गाळाची माती. इतक्या भिन्न स्वभावाच्या खडकांना एकच सरसकट आरंभ देणे मला कधीही न्याय्य वाटले नाही.

पहिल्या दिवशी चुकीने अधिक दिलेले पाणी कोठे जाते, याचाही विचार करावा. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात पातळी केवळ एक मीटर जास्त धरली आणि खडक दोन टक्के पाणी सोडणारा असला, तर मॉडेलात २०,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर असे पाणी शिरते, की जे पावसाने दिले नाही, नदीने दिले नाही आणि कोणत्याही शिवारात कधी अस्तित्वात नव्हते. शंभर चौरस किलोमीटरच्या मॉडेलात हेच वीस लाख घनमीटर होते. हे काल्पनिक पाणी संगणक निमूटपणे नदीकडे, नाल्याकडे आणि खाणीकडे वाहून नेतो. ते वाहून जाईपर्यंत विहिरींची पातळी उतरताना दिसते, आणि पाहणाऱ्यास वाटते की हा खाणीचा परिणाम. पातळी कमी धरली तर याच्या उलट घडते: विहिरी चढू लागतात आणि खाणीने जणू काही बिघडवलेच नाही असा भास होतो. मॉडफ्लो ही अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली आणि आज जगभर वापरली जाणारी आज्ञावली पातळीतील घट मोजते ती दिलेल्या आरंभाच्या पातळीतून गणिताने आलेली पातळी वजा करून. आरंभच डळमळीत असेल तर त्या घटीला अर्थ राहत नाही.

नवख्याला प्रथम सुचतो तो उपाय असा, की मे महिन्यात जमतील तितक्या विहिरी मोजाव्यात, त्या आकड्यांवरून समपातळीच्या रेषा काढाव्यात आणि तोच नकाशा मॉडेलास आरंभ म्हणून द्यावा. यात प्रामाणिकपणा आहे, परंतु तो पुरेसा नाही. फ्रँक, रायली आणि बेनेट या तिघांनी १९८७ च्या आपल्या पुस्तिकेत याचे कारण स्पष्ट केले आहे: मोजलेला नकाशा खऱ्या जमिनीशी जुळतो, पण मॉडेलातील जमीन ही खऱ्या जमिनीचे सोपे केलेले रूप असल्यामुळे तो नकाशा तिच्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि मग आरंभीच्या काळात मॉडेल आपल्या सीमांशी, आपल्या पारगम्यतेशी आणि आपल्या पुनर्भरणाशी ती पातळी जुळवून घेण्यात गुंतते. त्या काळातील सर्व हालचाल ही मॉडेलाची आंतरिक कुरबुर असते. तिचा राजुऱ्याच्या भूजलाशी संबंध नसतो. त्यातून खुद्द नकाशाही दिसतो तितका भरवशाचा नसतो. नदीकाठच्या सपाट प्रदेशात एका किलोमीटरमागे भूजलाचा उतार दोनचार मीटरच असतो, आणि उपग्रहावरून काढलेल्या भूउंचीत तेवढीच चूक सहज संभवते. म्हणून विहिरीच्या कठड्याची उंची ज्ञात तलचिन्हापासून लेव्हल लावूनच आणावी लागते. सकाळीच मोटारपंप चालून गेलेल्या विहिरीतील पाणी हे त्या शिवाराचे पाणी नव्हे. तीस फूट खोदीव विहीर आणि दोनशे फूट बोअर शेजारी शेजारी असली तरी ती दोन वेगळ्या थरांची साक्ष देतात, आणि त्यांची सरासरी ही कोणत्याच थराची पातळी ठरत नाही. नोंदवहीत ‘कोरडी’ असा शेरा असतो, तेथे पुष्कळ जण विहिरीच्या तळाची खोली हीच पातळी समजून लिहितात. वस्तुतः त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की पाणी तळाच्या खाली कोठेतरी आहे, आणि तो अर्थ तितकाच ठेवणे हे शास्त्राला धरून आहे.

म्हणून सर्वमान्य रीत अशी, की मॉडेलाला प्रथम स्थिरस्थितीत सोडवावे, म्हणजे दीर्घकालीन सरासरी पाऊस, सरासरी पुनर्भरण आणि सरासरी उपसा देऊन जी पातळी समतोलात येईल तीच आरंभ म्हणून घ्यावी. पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ, असे आपले वर्ष असल्यामुळे मी सरासरीपेक्षा चक्राला अधिक मानतो: जून ते मे असे एक सामान्य वर्ष मॉडेलात पुनःपुन्हा फिरवावे आणि एका मे अखेरीची पातळी मागील मे अखेरीशी जुळू लागली म्हणजे थांबावे. मे अखेर निवडण्याला कारण आहे. चंद्रपूरचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. त्या दिवसांत पुनर्भरण शून्य असते, बहुतेक विहिरींचा उपसा आपोआप आटोपलेला असतो आणि पातळी वर्षातील इतर कोणत्याही काळापेक्षा संथपणे सरकत असते. ऑक्टोबरात जमीन भरलेली असली तरी ती सर्व बाजूंनी निथळत असते, आणि पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे एका नकाशावर बसविता येत नाहीत. त्यातून वर्धेला पूर आला, जसा ऑगस्ट १९८६ मध्ये किंवा जुलै २०२२ मध्ये आला, की नदी काठाच्या खडकात पाणी उलट ढकलते, आणि तो फुगारा ओसरेपर्यंत काठच्या विहिरी नदीच्या सांगण्यावरून बोलतात.

परंतु राजुऱ्याला स्थिरस्थिती ही कल्पनाच लागू पडत नव्हती. ज्या जमिनीतून अनेक वर्षे खाणीचा उपसा चालू आहे आणि ज्या खाणीचे तोंड वर्षागणिक सरकत आहे, ती समतोलात आहे असे मानून आजच्या पातळीला निसर्गाची पातळी ठरविले, तर आजवर झालेला सर्व परिणाम एका फटक्यात आरंभात विरघळून जातो आणि पुढे मोजायला काही उरतच नाही. ही तांत्रिक सूक्ष्मता नाही. ज्याची विहीर आटली त्या शेतकऱ्याला नुकसानीचा दाखला मिळणार की ‘पर्जन्यमान कमी’ असा शेरा मिळणार, हे त्या एका तक्त्यावर अवलंबून असते, आणि तो तक्ता भरणाऱ्याला त्या शेतकऱ्याचे तोंड बहुधा कधी पाहावे लागत नाही. मला ते पाहावे लागले, आणि ते पाहिल्यावाचून हे काम कोणी करू नये असे माझे मत आहे.

तेव्हा आम्ही आरंभ मागे नेण्याचे ठरविले: खुल्या खाणींच्या आधीच्या काळात, जेव्हा नदीच्या या तीरावरील वरच्या थरावर मोटेचा आणि राहाटाचा उपसा सोडल्यास फारसा भार नव्हता, तेथून मॉडेल सुरू करायचे आणि खाणीचा विस्तार टप्प्याटप्प्याने त्यात घालीत आजपर्यंत यायचे. या काळाचे आकडे नव्हते, खुणा होत्या. जुन्या विहिरीचे चिरेबंदी बांधकाम जेथे संपते आणि खाली सुरुंगाने फोडलेला ओबडधोबड खडक सुरू होतो, ती रेषा पुष्कळ सांगते, कारण कोणीही शेतकरी पाण्याच्या गरजेपेक्षा खोल विहीर हौसेने बांधीत नाही. मूळ बांधणीच्या तळापेक्षा उन्हाळी पाणी त्या काळी वरच असले पाहिजे. मोटेच्या विहिरीला बैलांची धाव असते. मोट पाण्यातून काठाशी येईपर्यंत बैलांना जेवढे चालावे लागते तेवढीच ती धाव लांब ठेवलेली असते, आणि म्हणून गवतात बुडालेली, वीसबावीस हात लांबीची एक धाव आमच्या फितीने मोजली तेव्हा मोटेच्या काळातले पाणी सुमारे नऊदहा मीटर खोलीवर होते, असा एक आकडा हाती आला. वीज आली, मोट गेली आणि धावेवर तुरी पेरल्या गेल्या, अशा विहिरींच्या मालकांनी मात्र जागा बरोबर दाखविली.

याहून मोलाची साक्ष नाल्यांची. सास्तीच्या बाजूस एका नाल्याकाठी, जेथे आज दिवाळीनंतर वाळूच दिसते, एका वृद्ध शेतकऱ्यास मी विचारले, “बाबा, तुमच्या लहानपणी हा नाला कधीपर्यंत वाहत असे?” तो म्हणाला, “होळीलोक वाहे, साहेब. बैलं तिथंच पाजो आमी. विहिरीवर कोन नेते?” शेजारच्या गावातील एका म्हाताऱ्या बाईनेही, तिला त्याचे उत्तर ठाऊक नसताना, गोधड्या धुवायला फाल्गुनात कोणत्या डोहावर जात असू ते सांगितले, आणि तो डोह त्याच नाल्याचा निघाला. या बोलण्याचे शास्त्राच्या भाषेत रूपांतर करणे सोपे आहे: पाऊस संपून चार-पाच महिने झाल्यावरही नाला वाहतो तो केवळ भूजलाच्या पाझरावर, आणि पाझर फुटायचा तर काठच्या जमिनीतील पाणी नाल्याच्या तळापेक्षा उंच असलेच पाहिजे. नाल्याच्या तळाची उंची आम्ही लेव्हलने आणली. अशा रीतीने मार्च महिन्यासाठी एक खालची मर्यादा निश्चित झाली, आणि ती दोन माणसांच्या स्मरणावर उभी असली तरी उपग्रहावरून काढलेल्या उंचीपेक्षा मी तिच्यावर अधिक विसंबतो.

या खुणांच्या आधारे दोन आरंभ तयार केले, एक सर्व खुणांना पटणारी उच्चतम पातळी आणि दुसरा निम्नतम, आणि दोन्हींपासून मॉडेल आजपर्यंत चालविले. वाटेत वरच्या थरातील चौकोन कोरडे पडण्याचा जुना प्रश्न आडवा आला. मॉडफ्लोच्या पहिल्या आवृत्त्यांत चौकोनाची पातळी त्याच्या तळाखाली गेली की तो गणितातूनच बाद होतो आणि पुढे पाऊस झाला तरी आपण होऊन परत येत नाही, म्हणून २०११ मध्ये निघालेली, कोरड्या चौकोनांना गणितात टिकवून ठेवणारी सुधारित आवृत्ती वापरावी लागली. दोन्ही गणितांचा निष्कर्ष मला समाधान देणारा होता. दाबाखालील वालुकाश्मात दोन्ही आरंभांचा फरक मॉडेलातील पहिल्या काही वर्षांतच मिटून गेला. वरच्या थरात तो नदीच्या व खाणीच्या निकट मिटला, परंतु पश्चिमेकडील चुनखडकाच्या बाजूस, जेथे ना नदी जवळ ना विवर, तो आजपर्यंत टिकून राहिला. तेवढ्या पट्ट्यापुरते आमचे मॉडेल निश्चित उत्तर देऊ शकत नाही, असे अहवालात स्वच्छ लिहिले, आणि नकाशावर तो भाग रेघा मारून वेगळा दाखविला.

खाणीचा परिणाम सांगतानाही आरंभातून आजची पातळी वजा केली नाही. तेच मॉडेल, तोच आरंभ आणि तोच पाऊस ठेवून एकदा खाणीसह आणि एकदा खाणीविना चालवावे आणि दोन्ही आजच्या पातळ्यांची वजाबाकी करावी, म्हणजे आरंभातील चूक दोन्हीकडे सारखी असल्यामुळे बव्हंशी आपोआप गळून जाते. बव्हंशी म्हणतो, कारण मोकळ्या जलधरात पाण्याची जाडी बदलली की वहनक्षमताही बदलते आणि गणित सरळ राहत नाही. तरीही दुष्काळाचा वाटा आणि उपशाचा वाटा वेगळा करण्याची याहून निःपक्षपाती रीत मला ठाऊक नाही, आणि ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांना व ज्यांच्यावर त्याचा ठपका येतो त्यांनाही ती समजावून सांगता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

अहवाल ग्रामसभेत वाचून दाखविला तेव्हा सरपंचांनी विचारले, “साहेब, कोळसा संपल्यावर विहिरी भरतील का, आणि केव्हा?” याचे उत्तर देणाऱ्या गणितात पहिल्या दिवसाचे पाणी विवराच्या तळाशी असते, भोवतीची जमीन रिकामी, मागे टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांची सच्छिद्रता मूळ खडकाहून निराळी, आणि विवर भरू लागले की उघड्या पाण्याचे बाष्पीभवन चालू. खाण कोणत्या वर्षी आणि किती खोलीवर थांबेल यावर तो आरंभ ठरणार असल्यामुळे मी त्यांना एक साल सांगण्याचे नाकारले; खाणीचा आजचा आराखडा धरून लवकरचे आणि उशिराचे अशी दोन साले सांगितली, आणि नदीजवळच्या विहिरी आधी व पश्चिमेकडच्या नंतर चढतील एवढे मात्र खात्रीने सांगितले. तो आरंभ तरी पुढच्या माणसाला मोटेच्या धावेवरून काढावा लागू नये, म्हणून निवडलेल्या प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तांबड्या रंगाने मोजबिंदू आखून दिला, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची त्या त्या ग्रामपंचायतीच्या दफ्तरी लिहून ठेवली, आणि दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पंप किमान एक रात्र बंद ठेवून, पातळी नोंदविण्याची शिफारस अहवालाच्या पहिल्याच पानावर घातली.